पानाखालची तारीख कोणाची?

आमच्या संस्थेच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर सगळ्यात शेवटी ‘इतर’ असं एक सदर असतं. चहाचे कप गोळा करता करता, कोणाची तरी एस.टी. चुकेल या घाईत जे विषय उरकले जातात ते या सदरात. स्वच्छतागृहाची कडी, शिबिराच्या सतरंज्या, बँकेत सही कोणाची. २०२४च्या ऑगस्ट अखेरीस मी दिलेला विषयही तिथेच टाकला गेला होता : ‘वेबसाइटवरील तारखांबाबत’. अध्यक्षबाई म्हणाल्या, हा तांत्रिक विषय आहे, तू आणि वेबसाइट बघणारा मुलगा मिळून ठरवा. मी अडून बसले. त्या दिवशी दोघींची एस.टी. खरंच चुकली. त्यांची माफी मागून झाली आहे. पण विषय मी सोडलेला नाही, तो इथे सविस्तर मांडते आहे. गेल्या काही वर्षांत आपल्यापैकी बऱ्याच संघटनांनी आपापल्या पुस्तिका वेबसाइटवर चढवल्या आहेत, आणि आमच्या हातून जी चूक झाली ती फक्त आमच्याच हातून झाली असेल असं मला वाटत नाही.

आधी काय घडलं ते सांगते. ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

बावीस वर्षांची, लग्न न झालेली, नोकरीसाठी तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहणारी एक मुलगी आमच्या सल्ला केंद्रात आली. तिला दिवस गेले होते. कोणाला सांगायची सोय नव्हती म्हणून तिनं आधी फोनवर शोधलं, आणि तिला सापडलं ते आमचंच पान, गर्भपाताच्या कायद्याचं. त्यावर लिहिलं होतं की गर्भपात वीस आठवड्यांपर्यंतच करता येतो, आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं कारण फक्त विवाहित स्त्रीलाच देता येतं. तिला तेव्हा एकविसावा आठवडा चालू होता. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘शेवटचा बदल’ असं लिहून पुढे त्याच आठवड्यातली तारीख होती. “मी तारीख बघितली होती, ताई,” ती म्हणाली. “म्हटलं, ताजं आहे.” तीन-साडेतीन आठवडे ती खोलीत बसून राहिली. आमच्याकडे आली तीही गर्भपाताचं विचारायला नाही, बाळंतपण गुपचूप कुठे करता येईल हे विचारायला. तोवर चोवीस आठवडे उलटून गेले होते.

त्या पानावरचा मजकूर १९७१च्या मूळ कायद्यावर लिहिलेला होता. तो कायदा बदलला, आणि नवा बदल २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरेसं झालं, आणि नियमांत सांगितलेल्या काही परिस्थितींतल्या स्त्रियांना दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा मिळाली. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा नवरा’ हे शब्द जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ आले. पुढे २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वीस ते चोवीस आठवड्यांच्या या मुभेतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही. म्हणजे ती मुलगी आमचं पान वाचत होती त्या दिवशी दार उघडं होतं. स्त्रियांच्या हक्कासाठी काम करतो म्हणवणाऱ्या आम्ही तिला ते बंद असल्याचं सांगितलं, आणि तेही खाली ताजी तारीख घालून.

तिचं पुढे काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे.

आता कोणी म्हणेल, मजकूर जुना राहिला ही चूक, त्यात तारखेचा काय दोष? बैठकीतही हाच प्रश्न आला. माझं उत्तर असं की मजकूर जुना असणं ही अर्धी चूक होती. तो मजकूर मुळात आमच्या छापील पुस्तिकेतला. तिच्या आतल्या पानावर ‘दुसरी आवृत्ती, २०१३’ असं छापलेलं आहे. आज ती पुस्तिका कोणाच्या हातात पडली तर कागद पिवळा पडलेला दिसतो, पिना गंजलेल्या दिसतात, देणारीही म्हणते की “जुनी आहे हं, एकदा विचारून घे.” आपल्या बायकांना तारखेची किंमत कोणी शिकवायला नको. बँकेत सातबारा घेऊन गेलं की तिथला माणूस म्हणतो, ताजा उतारा आणा. गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख न वाचणारी आई आता खेड्यातही कमीच. कोर्टातल्या तारखांबद्दल तर काही बोलायलाच नको! त्या मुलीनंही शहाण्या बाईनं करावं तेच केलं होतं. माहितीखालची तारीख बघितली होती. आमच्या तारखेनं तिला सांगितलं की आता आणखी कोणाला विचारायची गरज नाही.

ही तारीख आली कुठून, हे शोधायला मला दोन रविवार लागले. वेबसाइट बघणारा मुलगा स्वभावानं चांगला आहे, पैसे न घेता सुट्टीच्या दिवशी आमचं काम करतो. त्यानं मला शेजारी बसवून सगळं दाखवलं. जे मला कळलं ते सांगते, कारण हे आपल्याला कळलं पाहिजे. मुलांची कामं म्हणून ते सोडून दिलं त्याचीच ही फळं आहेत.

आमची वेबसाइट डॉक्युसॉरस नावाच्या साधनावर उभी आहे. फेसबुक कंपनीत तयार झालेलं आणि २०१७ साली सर्वांसाठी फुकट खुलं केलेलं हे साधन मुळात प्रोग्रामर लोकांच्या सोयीचं. त्यांना आपापल्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं प्रकरणवार लावून ठेवायची असतात. आमच्या पुस्तिकांनाही ते छान जमलं. त्यात एक सोय अशी, की मांडणीच्या फाइलीत एका ओळीपुढे ‘होय’ लिहिलं की प्रत्येक पानाखाली शेवटच्या बदलाची तारीख आपोआप उमटते, आणि दुसऱ्या ओळीपुढे ‘होय’ लिहिलं की बदल करणाऱ्याचं नावही उमटतं. ही तारीख साधन मनानं लिहीत नाही. ‘गिट’ नावाची एक नोंदवही असते. कोणत्या फाइलीला कोणी, कधी हात लावला ते तिच्यात लिहिलं जातं. साधन ती नोंदवही वाचतं आणि शेवटचा हात कधी लागला ते पानाखाली लिहितं.

हात लागणं म्हणजे काय? स्वल्पविराम बदलला, हात लागला. फाइल या कप्प्यातून त्या कप्प्यात ठेवली, हात लागला. हेल्पलाइनचा नंबर सगळीकडे एका झटक्यात बदलला, सगळ्यांना हात लागला. या प्रत्येक वेळी आतला मजकूर कोणी वाचला होता का, हे नोंदवहीला माहीत नसतं आणि तिनं तसा दावाही केलेला नाही. दावा आपण करतो, पानाखाली तो शब्द छापून.

आमच्याकडे त्याहून वाईट झालं होतं. काही बदल केला की वेबसाइट दर वेळी नव्यानं बांधावी लागते. हे बांधकाम दूरच्या एका यंत्रावर होतं, आणि ते यंत्र वेळ वाचवण्यासाठी नोंदवही पूर्ण उतरवून घेत नाही, तिच्यातली फक्त शेवटची नोंद घेतं. मग त्याच्या दृष्टीनं सगळ्या फाइली त्या शेवटच्या नोंदीतच जन्मलेल्या! आमच्या वेबसाइटवर ४६ पानं आहेत. एका पानाला हात लागला की सेहेचाळीस पानांवर तीच तारीख. यावरचा उपाय एका ओळीचा निघाला. ‘फेच-डेप्थ’ नावाचा एक आकडा असतो. तो आपण लिहिला नाही तर एक धरला जातो, तिथे शून्य लिहिलं की पूर्ण नोंदवही उतरते. डॉक्युसॉरसच्या माहितीपुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. माहितीपुस्तिका छापून वाटणाऱ्या आम्ही ते पुस्तक वाचलं नव्हतं.

(जाता जाता एक गंमत. तो मुलगा घरच्या संगणकावर वेबसाइट तपासायचा तेव्हा त्याला प्रत्येक पानाखाली १४ ऑक्टोबर २०१८ ही तारीख दिसायची. ती लटकीच असते. तपासताना वेग राहावा म्हणून साधन ती मुद्दाम दाखवतं, आणि ही तारीख लटकी आहे असं कंसात लिहितंही. यंत्र निदान कबूल करतं. आणि स्फिंक्स नावाचं दुसरं साधन वापरणाऱ्या मैत्रिणींनी जास्तच जपून राहावं. त्यातली नेहमीची तारीख पानाची नसतेच, बांधकाम ज्या दिवशी झालं त्या दिवसाची असते.)

शून्य लिहिलं. वेबसाइट पुन्हा बांधली. गर्भपाताच्या पानाखाली आता एप्रिल २०२२ मधली एक तारीख दिसू लागली. मुलाला आनंद झाला : “ताई, आता खरी तारीख आली.” मी विचारलं, त्या दिवशी काय झालं होतं? त्या दिवशी त्यानं जुन्या पुस्तिकेतला मजकूर उचलून नव्या वेबसाइटवर ठेवला होता. एक अक्षर न बदलता. कायदा तर त्याच्या आधीच, सप्टेंबर २०२१ मध्ये बदलला होता! म्हणजे दुरुस्तीनंतरही ती मुलगी ते पान वाचून म्हणाली असती की हे २०२२चं आहे, २०२१चा बदल यात आलेलाच असणार. यंत्र आता खरं बोलत होतं आणि पान तेवढंच खोटं होतं.

म्हणूनच मी म्हणते की हा विषय तांत्रिक नाही. यंत्राची चूक एका ओळीत सुटली. पानाखाली जी तारीख आपण छापतो ती कशाची असावी, हा प्रश्न त्या ओळीनं सुटत नाही. वाचणारीला ‘शेवटचा हात कधी लागला’ याच्याशी काही देणंघेणं नसतं. जाणकार बाईनं हे पान शेवटचं कधी वाचलं आणि ‘हे बरोबर आहे’ असं कधी म्हटलं, एवढंच तिला हवं असतं. या दोन वेगळ्या तारखा आहेत. त्यांतली पहिली सोपी आणि फुकट मिळते म्हणून आपण ती दुसरीच्या जागी लावतो.

त्या जुलैमध्येच हे किती अंगाशी येऊ शकतं ते आम्ही पाहिलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. वेबसाइटवर ‘४९८अ’ आहे ते बदला, असं कोणीतरी त्या मुलाला फोनवर सांगितलं. त्यानं काय केलं? सगळ्या फाइलींत ‘कलम ४९८अ’ शोधून त्या जागी ‘कलम ८५’ घातलं. दोन मिनिटांचं काम. सगळी पानं ताजी झाली, आणि याच बांधकामात गर्भपाताच्या पानालाही ती घातकी तारीख मिळाली. पण आता मजकूर काय झाला ते पाहा. जुन्या ४९८अ मधली शिक्षा कलम ८५ मध्ये गेली आहे आणि क्रूरतेची व्याख्या कलम ८६ मध्ये. आमच्या पानावर दोन्ही ८५. १ जुलै २०२४च्या आधी घडलेल्या छळाला जुनंच कलम लागतं. आमच्या केंद्रात येणाऱ्या बहुतेक बायकांचा छळ कितीतरी वर्षांचा असतो, म्हणजे त्यांच्या कामाचं कलम आम्ही पुसूनच टाकलं होतं. आणि चळवळीच्या इतिहासाच्या पानावर वाक्य उमटलं, ‘१९८३ साली हुंडाविरोधी आंदोलनाच्या रेट्यामुळे कायद्यात कलम ८५ आलं’. हे वाचून आम्ही हसलो. मग एका कार्यकर्तीनं सांगितलं की ते पान छापून घेऊन एक बाई पोलीस ठाण्यात गेली होती आणि हवालदारानं तिला परत पाठवलं होतं. मग हसू आलं नाही.

जुना मजकूर आणि जुनी तारीख असती तर त्या बाईनं आधी फोन केला असता. निदान तशी शक्यता होती.

आता उलट बाजू बघा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं आमचं पान चांगलं आहे. कायदा २००५चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. तक्रार फक्त ‘प्रौढ पुरुषा’विरुद्धच करता येईल असे जे शब्द त्यात होते ते सर्वोच्च न्यायालयानं २०१६ साली काढून टाकले, हेही पानावर वेळेवर आलेलं होतं. त्या मुलीच्या प्रकारानंतर आमच्या एका वकील मैत्रिणीनं एक अख्खा रविवार घालवून ते पान ओळीओळीनं वाचलं. कायद्याचं पुस्तक उघडं ठेवून. संध्याकाळी म्हणाली, “सगळं बरोबर आहे, काही बदलू नका.” काम झालं, चांगलं झालं, आणि नोंदवहीत त्याची एक ओळही नाही. कारण फाइल बदललीच नाही! पानाखालची तारीख जुनी होती ती जुनीच राहिली. त्याच दिवशी मुलानं दुसऱ्या एका पानावरची ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढली. त्या पानाला नवी तारीख मिळाली, शिवाय त्याचं नावही.

हे गणित आपल्या ओळखीचं आहे की नाही? घरात जे मोडतं ते दुरुस्त करणाऱ्याचं नाव होतं. रोज झाडलोट करून, वाळवण राखून, डाळीतले खडे निवडून जी मोडू देत नाही तिची नोंद कुठे नसते. आपण जनगणनेच्या वेळी, रोजगार हमीच्या वेळी, शेतातल्या बाईच्या कामाच्या वेळी हाच मुद्दा मांडत आलो. आणि आपल्याच वेबसाइटवर जी तारीख आपण लावली ती नेमकी हेच काम न मोजणारी निघाली.

नावाचंही तेच. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस पानांखाली त्या मुलाचं नाव होतं. त्यात त्याचा काही डाव नव्हता, नोंदवहीत फाइल ठेवणारा तोच होता. पण ज्या कार्यकर्तीनं पंधरा वर्षं पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवून ‘तक्रार कशी नोंदवावी’ हे पान तोंडी सांगितलं, तिचं नाव कुठेच नाही. मी हे दाखवलं तेव्हा ती म्हणाली, “नकोच ते माझं नाव. मागे एकाचा नवरा नाव शोधत दारात आला होता.” तिचं बरोबर आहे. म्हणून आम्ही पानाखाली माणसांची नावं न देता ‘कायदा गट’, ‘आरोग्य गट’ अशी गटांची नावं द्यायचं ठरवलं, आणि कोण काय तपासतं त्याची वही ऑफिसात ठेवली. डॉक्युसॉरसमध्ये ही सोय आहे. फाइलीच्या डोक्यावर आपण हातानं तारीख आणि नाव लिहिलं की ते नोंदवहीकडे न बघता आपलं लिहिलेलंच दाखवतं.

यावर त्या मुलानं एक हरकत घेतली, आणि ती ऐकण्यासारखी आहे. तो म्हणाला, हातानं लिहिलेली तारीख यंत्राच्या तारखेपेक्षा वाईट. माणसं विसरतात. माणसं न वाचता तारीख बदलतात. बरोबर आहे, विसरतात. पण विसरलं तर काय होतं? तारीख जुनी राहते. जुनी तारीख बघून वाचणारी सावध होते, फोन करते, चार ठिकाणी विचारते. यंत्राची चूक नेहमी उलट्या बाजूला जाते. ते चुकलं की पान असतं त्यापेक्षा ताजं दिसतं. आमची चूक झाली तर बाईला एक फोन जास्त पडेल, यंत्राची झाली तर तिचे तीन आठवडे जातील. कोणती चूक पत्करायची हे ठरवायला संगणकाची पदवी लागत नाही. आणि न वाचता तारीख बदलणाऱ्यांचं म्हणाल, तर तो अप्रामाणिकपणा झाला, त्याला जाब विचारता येतो. वहीत नाव असतं.

दुसरी हरकत बाहेरून नाही, आपल्याच माणसांकडून आली. तारीखच काढून टाका, म्हणजे भानगड नको. जुनी तारीख दिसली की संस्था झोपलेली वाटते, देणगीदारांचे लोक वेबसाइट बघतात. मला या बोलण्याचा राग आला आणि अजून गेलेला नाही. देणगीदारानं बघावं म्हणून ते पान आहे की एकटी खोलीत बसलेल्या मुलीनं वाचावं म्हणून? पण रागाखाली एक खरी गोष्ट आहे ती बोलली पाहिजे. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ‘वेबसाइट निर्मिती’ला रक्कम असते, ‘पुस्तिका निर्मिती’ला असते. लिहिलेलं दर सहा महिन्यांनी पुन्हा वाचायला कोणी दमडी देत नाही. अहवालात ‘किती पानं तयार केली’ असा रकाना असतो, ‘किती पानं तपासली’ असा मी आजवर बघितलेला नाही. मग संस्था चाळीस पानं करून मोकळी होते आणि ती पानं हळूहळू खोटी होत जातात, ताज्या तारखेखाली.

सरकारकडे बोट दाखवणं सोपं आहे, आणि दाखवायलाही हवं. माहितीच्या अधिकाराचा २००५चा कायदा कलम ४ मध्ये सांगतो की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपल्याबद्दलची ठरावीक माहिती आपणहून प्रसिद्ध करावी आणि दर वर्षी ती अद्ययावत करावी. सरकारी वेबसाइटसाठी केंद्रानं २००९ पासून मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली आहेत. पानावर शेवटच्या बदलाची किंवा फेरतपासणीची तारीख असावी, असा त्यांत आग्रह आहे. ‘किंवा’ या शब्दात सगळी मेख आहे. कितीतरी ठिकाणी तळाशी आजचीच तारीख, आणि उद्या बघितलं तर उद्याची, आत मात्र बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव आणि बंद पडलेला फोन. तारखेचा नियम पाळला गेला!

२०२४च्या पावसाळ्यात लाडकी बहीण योजनेच्या वेळी याचा फटका गावोगावच्या बायकांनी खाल्ला. योजना जाहीर झाली तेव्हा वयाची अट २१ ते ६० होती, काही दिवसांतच ती ६५ पर्यंत गेली. पाच एकर जमिनीची अट आली आणि गेली. अर्जाची मुदत १५ जुलैपर्यंत होती ती वाढत गेली. अधिवास दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं रेशन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र चालेल असं ठरलं. पण मोबाइलवर फिरणाऱ्या अटींच्या यादीवर तारीख नव्हती. नको असलेल्या दाखल्यासाठी सेतू केंद्रासमोर रांगा लागल्या होत्या. आमच्या गावातली बासष्ट वर्षांची एक विधवा आजी “मी बसत नाही” म्हणून घरी बसली, तिला आम्ही हाताला धरून आणलं. त्या यादीवर नुसतं ‘२८ जूनची’ किंवा ‘५ जुलैची’ एवढं लिहिलेलं असतं तरी निम्म्या बायकांनी विचारलं असतं, यानंतर काही बदललंय का?

पण सरकारला हे सुनावताना आपल्या पानांखाली काय लिहिलं आहे ते आधी बघून घेऊ. मोर्चात घोषणा द्यायला मीही पुढे असते. त्या मुलीपुढे बसले तेव्हा मात्र कोणत्या कचेरीविरुद्ध घोषणा देऊ हे मला सुचलं नाही.

आम्ही काय ठरवलं ते सांगून थांबते. पानाखाली आता दोन ओळी असतात. एक ‘मजकुरात बदल’, ती नोंदवहीतून येते, पूर्ण नोंदवहीतून. दुसरी ‘तपासणी’, ती गटातली बाई मजकूर वाचून झाल्यावरच हातानं लिहिते, बदल काही केला नसला तरी. कायद्याच्या आणि योजनांच्या पानांची तपासणी सहा महिन्यांनी, आणि मध्येच कायदा बदलला तर तेव्हाच. सहा महिने उलटले आणि कोणी वाचलं नाही तर पानाच्या माथ्यावर तांबडी पट्टी येते : ‘हे पान तपासलेलं नाही. यावर विसंबू नका, आधी फोन करा.’ खाली केंद्राचा नंबर. ही पट्टी यंत्रच लावतं. दिवस मोजणं त्याला चांगलं जमतं, ते काम आम्ही त्याला आनंदानं दिलं. ‘शोधा आणि बदला’ हा प्रकार कायद्याच्या पानांवर बंद.

खर्चही मांडला. एका पानाला सरासरी दीड तास. सेहेचाळीस पानांना एकोणसत्तर तास, वर्षातून दोनदा म्हणजे एकशे अडतीस. आठ तासांचा दिवस धरला तर सतरा दिवसांहून थोडं जास्त. एवढंच! दोन शिबिरांच्या मंडपाच्या भाड्यात हे बसतं. वकील मैत्रिणींना आणि अनुभवी कार्यकर्त्यांना आम्ही या कामाचं मानधन देतो. पहिल्यांदा दिलं तेव्हा एकीनं “वाचायचे कसले पैसे?” म्हणून परत केलं. दुसऱ्या वेळी आम्ही ते परत घेतलं नाही.

हे लिहिते आहे तेव्हा एकोणतीस पानांवर तपासणीची तारीख आहे आणि सतरा पानांवर तांबडी पट्टी. अध्यक्षबाईंना ती पट्टी अजून आवडत नाही, वेबसाइटला कुंकवाची बोटं लावल्यासारखी दिसतात म्हणतात. पण पट्टी लागल्यापासून केंद्रात ‘वेबसाइटवर वाचलं, पण तुम्ही विचारा म्हटलंय’ असं म्हणत फोन येऊ लागले आहेत.

सगळ्यात जास्त फोन मुलींच्या वारसाहक्काच्या पानावरून येतात, आणि नेमकं तेच अडून राहिलं आहे. त्यात महाराष्ट्राचा १९९४चा बदल, ९ सप्टेंबर २००५ पासूनचा केंद्राचा बदल आणि त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा ११ ऑगस्ट २०२०चा निकाल, हे तिन्ही नीट लावून घ्यायचं आहे. लग्न कधी झालं, वाटणी कधी झाली यावर उत्तर बदलतं, त्यामुळे येरागबाळ्याचं काम नाही. हे पान बसून वाचून देऊ शकेल अशी वकील मैत्रीण कोणाच्या ओळखीत असेल तर या अंकाच्या संपादकांच्या पत्त्यावर कळवा. मानधन देऊ.